रिकाम्या गाडीचा आवाज

चहाचा कप ते टेबलावर कधी नुसता ठेवत नसत. आधी फडकं, मग कप.

खुर्चीत बसण्याआधी ती एकदा हलवून बघायचे. दुसऱ्याच्या घरीसुद्धा.

खडू शर्टाच्या डाव्या खिशात, चष्मा उजव्या. याच्या उलट मी कधी पाहिलं नाही.

फोनवर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न "काय झालं?" असा नसायचा. "काय म्हणते?" असा असायचा.

गाडीत बसले की चपला काढायचे. तळपायांना जास्त ऐकू येतं म्हणायचे.

आणि ऐकताना डोळे मिटायचे. डोळे मिटलेले असताना त्यांना हाक मारायची नाही, असा नियम होता. गॅरेजात होता आणि घरीही होता. काकूसुद्धा तो पाळायच्या.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा लागेल.

त्यांना सगळे कानसेन म्हणत. मी काका म्हणायचे. वय एकसष्ट. घराला लागून पत्र्याची शेड, तिच्यात एक खड्डा, एक लांब लाकडी टेबल, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले. फाटकापाशी गटारावर लोखंडी जाळी होती. गाडी आत येताना तिच्यावरून धडधडत यायची. नवा माणूस म्हणायचा, ही जाळी नीट बसवून घ्या की. काका म्हणायचे, "ती सैल नाही. ती मी ठेवलीय." जाळीवरून येणारी गाडी आपलं सगळं बोलून दाखवते, असा त्यांचा हिशेब.

ते फक्त आवाज बघायचे. तेल बदलणं, रंग, बॅटरी, यातलं काही नाही. गाडीतून ठकठक, खडखड येतेय आणि कुणाला सापडत नाही, की बाकीचे गॅरेजवाले ती त्यांच्याकडे पाठवायचे.

शेजारच्या शेडमध्ये गाड्या रंगवणारा होता. रंगारी. दिवसातून दोनदा भिंतीवरून डोकं काढायचा.

"कानसेन, आमच्या हिचा आवाज फार येतो. काढता का?"

"तो इंजिनाचा आहे. तो बंद झाला की तुझी गाडी जागच्या जागी."

रंगारी हसायचा. काका हसायचे नाहीत. बोलून झालं की परत डोळे मिटायचे.

माझी ओळख तीन वर्षांपूर्वीची. मी नुकतीच एम.ए. झाले होते. नोकरी नव्हती. बाबांची जुनी गाडी टकटक करत होती म्हणून तिला घेऊन गेले.

"काय म्हणते?"

"टकटक करते."

"टकटक, की टक… टक?"

"फरक काय त्यात?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "शिकलेली दिसतेस. काय शिकलीस?"

"साहित्य."

"मग तुला कळायला पाहिजे. टकटक म्हणजे काहीतरी फिरतंय. टक, मग थांबून टक, म्हणजे काहीतरी आदळतंय. फिरणारं शोधायचं की आदळणारं, हे तू सांगायचंस. मी तुझ्या गाडीत राहत नाही."

मी गाडीत बसून पुन्हा ऐकलं. टक… टक होतं.

"आता गाडी रिकामी कर," ते म्हणाले.

हा त्यांचा दुसरा नियम. कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी ती पूर्ण रिकामी करायची. डिक्की, सीटखालची जागा, दारांचे कप्पे. निम्मे आवाज गाडीचे नसतातच, माणसांनी आत टाकलेल्या सामानाचे असतात, असं ते म्हणायचे. एका गृहस्थांची गाडी तीन गॅरेजं फिरून त्यांच्याकडे आली होती. सीटखाली सासऱ्यांची हरवलेली कवळी निघाली. रंगाऱ्याने ती गोष्ट गावभर केली. कानसेनांनी दात वाजवणारी गाडी बरी केली म्हणून.

माझ्या गाडीत स्टेपनीचा बोल्ट सैल होता. दहा मिनिटांचं काम. मी मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी उगाचच गेले. मग जात राहिले. ते मला पंडित म्हणू लागले. त्यात थट्टा होती, पण फार नाही.

त्यांची वही होती. लांबट, तेलाचे डाग पडलेली. पाच रकाने. गाडी. आवाज. कुठून. काय निघालं. केलं. अशा अकरा वह्या होत्या आणि अक्षर कुणालाही लागत नव्हतं. त्या नीट उतरवून काढायचं काम मी अंगावर घेतलं. टेबलाच्या एका टोकाला मी लिहायचे, दुसऱ्या टोकाला ते पाने पुसायचे.

"खुळखुळ लिहू नकोस. खोड ते."

"तुम्हीच लिहिलंय."

"तेव्हा अक्कल नव्हती. खुळखुळ लहान मुलाच्या हातात असते. इथे बेअरिंग मरत होतं. खरखर लिही."

मी खोडून खरखर लिहायचे. कॉलेजात पाच वर्षांत शब्दाकडे इतकं बघायला मला कुणी लावलं नव्हतं.

एकदा सातव्या वहीतलं एक पान आलं. त्यांनी त्यावर तळवा ठेवला.

"हे उतरवू नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना."

मी पान उलटलं. नंतर कधी चोरून पाहिलं नाही.

त्यांच्याकडे एक फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतला आवाज सरळ डोक्यात येतो. मलाही त्यांनी एकदा ऐकवलं होतं. मी दचकून मागे झाले होते. गेल्या वर्षापासून ते मूठ कानामागे लावेनात. दातांत धरू लागले. मला वाटलं, नवी युक्ती असेल. मग लक्षात आलं की ते मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर गेलाय. काकू हाक मारत नाहीत, समोर येऊन उभ्या राहतात.

"काका, कानाच्या डॉक्टरांना दाखवू या."

"त्यांच्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे का?"

"थट्टा नको."

"मग गप्प बैस. आणि त्या रंगाऱ्याला सांगू नकोस. कानसेन बहिरा झाला म्हणून पाटी लावेल."

मी कुणाला सांगितलं नाही.

बाईंची गाडी आली ती पाच आठवड्यांपूर्वी.

बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका. त्यांचे यजमान जमिनीची मोजणी करायचे. नऊ वर्षांपूर्वी तलावाच्या वळणावर गाडी खाली जाऊन ते गेले. बाईंनी नंतर दुसरी गाडी घेतली, जुनीच. दर तीन महिन्यांनी काका स्वतः फोन करून ती मागवून घ्यायचे. बाई त्यांना भाऊ म्हणायच्या. त्या गाडीच्या डिक्कीत यजमानांची मोजणीची पेटी असायची. लोखंडी पट्ट्यांची, आत साखळ्या, खुंट्या, पितळी यंत्र. अपघातातून तेवढी पेटी धड निघाली होती. बाईंनी ती जुन्या गाडीतून काढली आणि नव्या गाडीत ठेवली. कधी घरात नेली नाही.

"बाई, मणभर वजन घेऊन का फिरता?" रंगाऱ्याने एकदा विचारलं होतं.

"सवय आहे," बाई म्हणाल्या होत्या.

पेटी उचलायला दोन माणसं लागत. काका एक बाजू धरायचे, दुसरी मी. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून ते तिच्यावर स्वच्छ कापड घालायचे. मग कामाला लागायचे.

त्या दिवशी मी दुपारी पोहोचले तेव्हा बाई गाडी ठेवून गेल्या होत्या. पेटी अजून डिक्कीतच होती. काका खाली बसले होते, पाठ भिंतीला टेकून. चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"जाळीवरून आली. ठक म्हणाली. पुढे, डावीकडे."

"मग बघू या की. त्यात काय?"

"हा आवाज मी ओळखतो," ते म्हणाले. मग उठले. "धर तिकडून. गाडी रिकामी करू."

आम्ही पेटी उतरवली. ते गाडी घेऊन जाळीवरून गेले, आले. सहा वेळा. मी फाटकात उभी राहून ऐकलं. मला जाळीशिवाय काही ऐकू आलं नाही.

"ऐकलंस?"

"नाही."

"मी ऐकलं."

पुढचे चार आठवडे ती गाडी लोखंडी घोडीवर उचलून ठेवलेली होती. त्यांनी पुढच्या डाव्या चाकामागचं एकेक काढलं. जे तपासायचं त्याभोवती खडूने गोल करायचा, निर्दोष निघालं की गोलावर फुली, ही त्यांची पद्धत. चाकाचा जॉइंट. फुली. त्याच्या वरची कडी. फुली. शॉकअपचा माथा. फुली. इंजिनाचं माउंटिंग. फुली. बाकीच्या गाड्या ते परत पाठवू लागले. बाई रोज दोन बस बदलून शाळेत जात होत्या. एकदा येऊन म्हणाल्या, "भाऊ, मला तर काही ऐकू येत नाही. चालते ना, तेवढं पुरे."

"पुरे नाही, बाई," काका म्हणाले. आणखी काही म्हणणार होते. बाईंनी वाट पाहिली. काका चाकाकडे वळले.

त्या गेल्यावर मी विचारलं. "काका, काय आहे या गाडीत एवढं?"

त्यांनी हातातला पाना पुसून घेतला. मग त्यांनी सांगितलं. आवाज न बदलता, एखाद्या गिऱ्हाइकाच्या गाडीची हकीकत सांगावी तसं.

"बाईंचे यजमान आले होते माझ्याकडे. त्यांची ती पहिली गाडी घेऊन. वळताना ठक म्हणायची. पुढे, डावीकडे. पहार घालून हलवून बघितलं. जॉइंट थोडा हलत होता, खेळ होता. थोडाच. खड्ड्यात दुसरी गाडी होती. ती बाहेर काढायची, ही घ्यायची. मला कंटाळा आला, पंडित. बाकी काही नाही. कंटाळा. म्हणालो, किरकोळ आहे, पुढच्या महिन्यात या. ते म्हणाले, तुम्ही म्हणता म्हणजे झालं. अकराव्या दिवशी गेले."

त्यांनी तो पाना ठेवून दुसरा उचलला.

"वळण वाईट होतं म्हणाले सगळे. वेग होता म्हणाले. मी गाडी बघून आलो. डावं चाक आत दुमडलं होतं. मनगट मोडावं तसं."

"कुणाला सांगितलंत?"

"तुला."

"काकूंना?"

"तिला माहीत असेल. विचारत नाही. घरातल्या सगळ्या दारांना मी रबर लावलं, खुर्च्यांच्या पायांना कापड लावलं, तेव्हाही विचारलं नाही."

त्यांच्या घरात काही वाजत नाही, हे मला माहीत होतं. कपाटं मुक्याने मिटतात. भांडी फडक्यावर उतरतात. मला वाटायचं, कामाची सवय घरी आली असेल.

"आणि बाईंना?"

"नऊ वर्षं सांगतोय. दर खेपेला गाडी नीट करून हातात देतो, तोंडाशी येतं. त्या म्हणतात, येते हं भाऊ. संपलं." ते थांबले. "आता तोच आवाज परत आलाय. त्याच जागी. यावेळी काढीन, आणि ज्या दिवशी काढीन त्या दिवशी सांगीन. हातात ठकठकती गाडी देऊन काय सांगू त्यांना?"

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. त्यांचं जेवण कमी झालं होतं. काकूंनी मला बाजूला घेतलं. "अगं, भिंतीला हात लावून उभे राहतात. मी विचारलं तर म्हणतात, ऐकू येत नाही का तुला? काय येणार ऐकू? या घरात टाचणी पडली तरी फडक्यावर पडते."

मग मी ते केलं.

गेल्या बुधवारी काका गाडीत बसले होते. इंजिन बंद. गाडी घोडीवरून उतरवलेली. त्यांनी मला सांगितलं की डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब द्यायचा आणि सोडायचा. त्यांनी डोळे मिटले. मी दोनदा दाबलं. त्यांनी दोनदा बोट वर केलं. आवाज आला, अशी खूण. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा मी हात मागे घेतले आणि नुसती उभी राहिले.

त्यांनी बोट वर केलं.

मी थांबले. त्यांनी पुन्हा बोट वर केलं. मग पुन्हा. ठरावीक अंतराने, घड्याळासारखं.

मी नियम मोडला. "काका."

त्यांनी डोळे उघडले.

"मी हात लावला नव्हता. शेवटच्या तीन वेळा."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

"आवाज तुमच्या कानात आहे, काका. गाडीत नाही. गाडी ठीक आहे."

भिंतीपलीकडे रंगाऱ्याचं यंत्र फुसफुसत होतं. ते बंद झाल्यावर काका बोलले.

"मग तेव्हाचा?"

मला वाटलं, मी त्यांना सोडवतेय. नऊ वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरवण्याची संधी मला दिसली. मी म्हणाले, "तोही नसेल कदाचित. थोडासाच खेळ होता म्हणालात ना? वळणच वाईट असेल."

"असेल," ते म्हणाले. "मग सांगायचं तरी काय बाईंना?"

"काही नाही."

"काही नाही," ते म्हणाले.

त्यांनी पायात चपला घातल्या. आत जाऊन बाईंना फोन केला. गाडी तयार आहे, सोमवारी शाळा सुटली की घेऊन जा. मी हे ऐकलं आणि मला बरं वाटलं. घरी जाताना मी गुणगुणत होते. ते मला आता आठवतं.

शनिवारी ते गेले.

सकाळी त्यांनी मला फोन केला होता. "पंडित, अकरापर्यंत ये. एक हात लागणार आहे." मी बरं म्हटलं. मग एका ओळखीच्यांचा फोन आला, एका शाळेत जागा निघतेय म्हणून. तिकडे कागद देऊन येईपर्यंत एक वाजला.

फाटकातून आत आले तर काकू शेडच्या दारात उभ्या होत्या. तोंडावर बोट. हळूच म्हणाल्या, "ऐकतायत. अर्धा तास झाला. जेवण निवून गेलं. तूच बघ आता, तुला रागावत नाहीत."

काका बाईंच्या गाडीत बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. चपला बाहेर, जोडीने लावलेल्या. डोळे मिटलेले.

मीसुद्धा हाक मारली नाही. मी दोन मिनिटं उभी राहिले. नियम होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. बारा-साडेबाराच्या सुमारास. काकू साडेबारापासून दारात उभ्या होत्या. त्या तेव्हापासून मला विचारतायत, "मी आधी हाक मारली असती तर?" मधूनच वाटतं, त्यांनाही माझ्याकडून कंटाळा, उशीर, असलं काहीतरी ऐकायला हवंय.

रविवारी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "बाईंची गाडी तेवढी पोहोचव आजच. यांचं शेवटचं काम. त्या ठेवलेल्या पेटीसकट." मी रंगाऱ्याला हाक मारली. पेटी उचलायला दोघं लागतात.

पेटीवरचं कापड निघालेलं होतं. घडी करून बाजूला ठेवलेलं. पेटी कोपऱ्यात नव्हती. टेबलाच्या लाकडावर एक लांब ओरखडा होता. पेटी ओढत टेबलाच्या कडेपर्यंत आणलेली, एक कडी उभी.

"काकू, ही कुणी हलवली?"

"यांनीच. शनिवारी सकाळी. सरकवत होते एकटे. मी म्हटलं, अहो, पंडित येणार आहे ना? तोवर बसा की. मग गाडीत जाऊन बसले."

मला अजून काही कळलं नव्हतं. रंगाऱ्याने आणि मी पेटी डिक्कीत ठेवली. गाडीचा मागचा भाग खाली बसला. मी स्टिअरिंगवर बसले. का कुणास ठाऊक, चपला काढल्या. गाडी सुरू केली आणि फाटकाकडे नेली. पुढची चाकं जाळीवरून गेली. धडधड. मागची गेली.

ठक.

पुढे, डावीकडे. माझ्या डाव्या तळपायाखाली.

मी मागे घेतली. पुन्हा नेली. ठक. रंगारी फाटकात उभा होता. त्याने हातातली सिगारेट टाकली.

"हे काय वाजलं?" तो म्हणाला.

आवाज जिथे ऐकू येतो तिथे तो जन्मतोच असं नाही. हे काकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. पत्रा त्याला वाहून नेतो. मी ते वहीत उतरवलंही होतं. रंगारी विजेरी घेऊन गाडीखाली झोपला. पुढे काही नव्हतं. तिथे चार गोल होते, चारही फुल्या बरोबर होत्या. तो सरकत सरकत मागे गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

मागच्या डाव्या स्प्रिंगखालची बैठक गंजून फाटली होती. डिक्कीत वजन नसताना स्प्रिंग जागेवर राहायची. पेटी ठेवली की घसरून आदळायची.

"पेटी घेऊन अजून दोन-चारदा तलावाकडून गेल्या असत्या बाई…" रंगारी म्हणाला. हात पुसत बसला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

बाई ती पेटी नेहमीच नेत होत्या. गाडी ती पेटी घेऊनच आत आली होती. काकांच्या म्हाताऱ्या झालेल्या कानांनी, अर्ध्या मेलेल्या कानांनी, तळपायांनी, कशाने का होईना, तो आवाज खरंच ऐकला होता. मग आपल्या नियमाने त्यांनी गाडी रिकामी केली आणि आवाज उतरवून टेबलावर ठेवला. त्याच्यावर स्वच्छ कापड घातलं. चार आठवडे ते त्याच्याशेजारी उभं राहून त्याला शोधत होते.

बुधवारी त्यांनी बोट वर केलं तेव्हा गाडी खरंच गप्प होती. त्या तीन वेळांपुरती मी बरोबर होते. बाकी मी सगळंच चुकीचं सांगितलं.

शनिवारी सकाळी त्यांच्या लक्षात आलं असणार. एक हात लागणार आहे, म्हणाले होते.

आज सोमवार. बाई चार वाजता आल्या, शाळेतून सरळ. आधी काकूंजवळ बसल्या. मग शेडमध्ये आल्या. गाडी परत घोडीवर होती, मागचं डावं चाक काढलेलं. फाटलेल्या बैठकीभोवती मी खडूने गोल केला होता. खडू काकांच्या खिशातला. काकूंनी काढून दिला.

बाई काकांच्या स्टुलावर बसल्या. स्टूल जराही हललं नाही.

"तयार आहे म्हणाले होते भाऊ."

"नाही, बाई. आवाज आहे. गाडी नेऊ नका."

"मग फोन का केला त्यांनी?"

"मी सांगितलं म्हणून. मी म्हणाले, आवाज नाहीच."

त्यांनी चाकाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "भाऊंना मला काहीतरी सांगायचं असायचं. नऊ वर्षं. गाडीची किल्ली हातात द्यायचे आणि सोडायचे नाहीत. मीही धरून ठेवायची. मग मला भीती वाटायची आणि मी म्हणायची, येते हं भाऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत आहे?"

बुधवारी मी काकांना सांगितलं होतं, सांगण्यासारखं काही नाही. ते त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतलं. तेच वाक्य बाईंना पुन्हा सांगणं सोपं होतं. जिभेवर आलंही.

मी कपाट उघडलं. ते आवाज न करता उघडलं. सातवी वही काढली. काकांनी तळवा ठेवलेलं पान शोधायला वेळ लागला नाही. तेलाने कडा पारदर्शक झाल्या होत्या. ते पान अनेकदा उघडलं गेलं होतं.

त्यांचं अक्षर फक्त मला लागतं. म्हणून मी एकेका रकान्यावर बोट ठेवून वाचलं. गाडी, बाईंच्या यजमानांच्या जुन्या गाडीचा नंबर. आवाज, ठक. कुठून, पुढे, डावीकडे, वळताना. काय निघालं, जॉइंट थोडा सैल. किरकोळ.

बाईंनी वही माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः वाचला. त्यांना लागला.

केलं : पुढच्या महिन्यात.